आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे

आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे (२२ मे १८२८ – २० जुलै १८७०) हे एकोणिसाव्या शतकातील जर्मन नेत्रवैद्य होते. आधुनिक नेत्रवैद्यकाच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. काचबिंदूवरील पहिली परिणामकारक शस्त्रक्रिया, मोतीबिंदू काढण्याची सुधारित पद्धत, तिरळेपणाचा व डोळ्यांच्या स्नायूंचा पद्धतशीर अभ्यास आणि नेत्रवैद्यकाला वाहिलेल्या एका प्रमुख नियतकालिकाची स्थापना ही त्यांची महत्त्वाची कार्ये होत. कवटीतील दाब वाढला असता डोळ्याच्या तळाशी दिसणारे दृष्टिचेतेचे शीर्ष सुजते, हे त्यांनी १८६० मध्ये स्पष्टपणे मांडले. डोळ्याच्या बाहुलीतून पाहून मेंदूच्या आजाराचे निदान करण्याची वाट या निरीक्षणामुळे खुली झाली. आजही तीव्र डोकेदुखीच्या रुग्णाचा डोळ्याचा तळ तपासला जातो, तो याच निरीक्षणाच्या आधारावर.

जन्म आणि शिक्षण

ग्रेफे यांचा जन्म बर्लिन येथे झाला. त्यांचे वडील कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे हे प्रशियातील नामवंत शल्यचिकित्सक आणि बर्लिन विद्यापीठातील प्राध्यापक होते. १८४० मध्ये हानोव्हरच्या युवराजांच्या डोळ्यांवरील उपचारासाठी ते तेथे गेले असता त्यांचे निधन झाले. त्या वेळी आल्ब्रेख्ट बारा वर्षांचे होते. घरात संपत्ती व प्रतिष्ठा असली, तरी वडिलांच्या हाताखाली शिकण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

बर्लिनमधील फ्रेंच विद्यालयात शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी १८४३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, बर्लिन विद्यापीठात प्रवेश घेतला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर आणि रोगचिकित्सक योहान शोनलाइन हे त्यांचे शिक्षक होते. ब्रोमीन व त्याची औषधी संयुगे या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी १८४७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तोपर्यंत नेत्रवैद्यक हा त्यांचा निश्चित विषय ठरलेला नव्हता.

पुढील शिक्षणासाठी त्यांनी युरोपातील वैद्यकीय केंद्रांचा प्रवास केला. प्राग येथे फर्डिनांड आर्ल्ट यांच्या सहवासात त्यांनी नेत्रवैद्यकालाच वाहून घेण्याचे ठरवले. पॅरिसमध्ये ज्यूल्स सिशेल व लुई देमार, तर व्हिएन्नामध्ये फ्रीडरिख व एडुआर्ड येगर या पितापुत्रांच्या रुग्णालयांत त्यांनी काम पाहिले. लंडनमध्ये विल्यम बोमन यांच्याशी आणि तेथे आलेल्या डच शास्त्रज्ञ फ्रान्स डोंडर्स यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. ग्रेफे, डोंडर्स व बोमन यांचे हे स्नेहबंध अखेरपर्यंत टिकले आणि तीन देशांतील नेत्रवैद्यक त्यांमुळे एकमेकांच्या जवळ आले.

नेत्रदर्शकाचा शोध

ग्रेफे यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्यांच्या तरुणपणी लागलेला एक शोध लक्षात घ्यावा लागतो. जिवंत माणसाच्या डोळ्याची बाहुली बाहेरून काळी दिसते. आत शिरलेला प्रकाश दृष्टिपटलावरून परावर्तित होऊन आला त्याच वाटेने परत जातो. तो पाहण्यासाठी निरीक्षकाने त्या वाटेवर डोळा न्यावा, तर त्याचेच डोके प्रकाश अडवते. त्यामुळे डोळ्याचा तळ केवळ शवविच्छेदनातच पाहता येत असे. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या डोळ्याची दृष्टी का गेली, हे सांगणे वैद्याला अशक्य होते.

हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी ही अडचण सोडवली. काचेच्या तिरप्या पट्ट्यांवरून दिव्याचा प्रकाश रुग्णाच्या डोळ्यात टाकायचा आणि त्याच काचांतून आरपार पाहायचे, अशी रचना त्यांनी केली. बर्लिनच्या भौतिकी संस्थेपुढे डिसेंबर १८५० मध्ये त्यांनी हा शोध सादर केला आणि १८५१ मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. हेच ऑफ्थॅल्मोस्कोप म्हणजे नेत्रदर्शक होय. १८५२ मध्ये क्रिस्टियान रुएटे यांनी मध्यभागी छिद्र असलेला अंतर्वक्र आरसा वापरून अधिक मोठा भाग दाखवणारी पद्धत सुचवली.

हेल्महोल्ट्झ हे भौतिकी व शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक होते, रुग्ण तपासणारे वैद्य नव्हते. त्यांच्या उपकरणाचा रुग्णांवर सर्वाधिक उपयोग करून घेतला तो ग्रेफे यांनी. अंधारी खोली, एक तेलाचा दिवा, हातातील आरसा व एक भिंग एवढ्या साधनांनी ते आणि त्यांचे सहकारी रोज अनेक रुग्णांच्या डोळ्यांचा तळ पाहू लागले.

बर्लिनमधील चिकित्सालय

बर्लिनला परतल्यावर ग्रेफे यांनी १८५१ च्या अखेरीस व्यवसायास आरंभ केला. लवकरच कार्लस्ट्रास या रस्त्यावर त्यांचे स्वतंत्र नेत्रचिकित्सालय उभे राहिले. १८५२ मध्ये डोळ्यांच्या स्नायूंच्या कार्यावरील निबंधाच्या आधारे त्यांना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळाला. गरीब रुग्णांवर ते विनामूल्य उपचार करीत. रशियापासून अमेरिकेपर्यंतचे तरुण वैद्य त्यांच्याकडे शिकण्यासाठी येऊ लागले. योहान हॉर्नर, आलेक्झांडर पागेनश्टेखर, थिओडोर लेबर, कार्ल श्वायगर, युलिउस हिर्शबेर्ग आणि रिखार्ड लीब्राइख हे त्यांचे शिष्य व साहाय्यक पुढे स्वतंत्रपणे प्रसिद्धीस आले.

वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १८५४ मध्ये, ग्रेफे यांनी नेत्रवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले. पहिल्या खंडातील बहुतांश मजकूर त्यांनी स्वतःच लिहिला होता. पुढील वर्षी आर्ल्ट व डोंडर्स संपादनात सहभागी झाले. हे नियतकालिक ग्रेफे यांच्या नावाने आजही प्रसिद्ध होते. १८५७ पासून हायडेलबर्ग येथे नेत्रवैद्यांचे संमेलन भरू लागले, त्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती. १८६३ मध्ये या संमेलनाला नेत्रवैद्यांच्या संघटनेचे औपचारिक रूप मिळाले.

१८५५–५६ च्या सुमारास त्यांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी नित्याच्या रुग्णपरीक्षेत आणली. रुग्णाला समोरचे अक्षर वाचता येते एवढ्याने दृष्टी शाबूत ठरत नाही. बाजूचे दिसणे आकुंचित झाले असेल किंवा क्षेत्राचा अर्धा भागच नाहीसा झाला असेल, तर दोष दृष्टिचेतेत अथवा मेंदूत असू शकतो. डोळ्याच्या तळाची पाहणी आणि दृष्टिक्षेत्राची मोजणी या दोन तपासण्या एकत्र करण्याची शिस्त येथून रूढ झाली.

काचबिंदू आणि एका चुकीची दुरुस्ती

नेत्रदर्शकातून दिसणारी सर्वांत ठळक खूण म्हणजे दृष्टिचेतेचे शीर्ष. डॉक्टर ज्याला ऑप्टिक नर्व्ह म्हणतात, ती दृष्टिचेता दहा लाखांहून अधिक सूक्ष्म तंतूंची बनलेली असते. हे तंतू दृष्टिपटलावरून एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात. ती जागा सुमारे दीड मिलिमीटर व्यासाच्या फिकट गुलाबी चकतीसारखी दिसते. ही चकती सपाट आहे, खोल गेली आहे की फुगली आहे, यावरून वेगवेगळे आजार ओळखता येतात.

आरंभीच्या काळात हा भेद करणे सोपे नव्हते. एका डोळ्याने पाहताना खोली आणि उंची यांत गल्लत होते. काचबिंदूच्या रुग्णांत डोळ्यातील दाबामुळे दृष्टिचेतेचे शीर्ष आत दबलेले असते. १८५४ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांच्याप्रमाणेच ग्रेफे यांनीही ते फुगलेले असल्याचे लिहिले. पुढे आडोल्फ वेबर यांच्या निरीक्षणांमुळे हा दृष्टिभ्रम असल्याचे ध्यानात आले. ग्रेफे यांनी आपले मत बदलले आणि तो फुगवटा नसून खळगा आहे असे स्वतःच्याच नियतकालिकात नोंदवले. हाइनरिख म्युलर यांच्या शरीररचनाविषयक तपासणीने या दुरुस्तीला दुजोरा मिळाला.

या दुरुस्तीचे परिणाम दूरगामी ठरले. काचबिंदूचे मूळ डोळ्यातील वाढलेल्या दाबात आहे, हे ग्रेफे यांना त्यातून स्पष्ट झाले. दाब उतरवण्यासाठी त्यांनी परितारिकेचा लहानसा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया योजली आणि १८५७ मध्ये ब्रुसेल्स येथील नेत्रवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तिची माहिती दिली. तोपर्यंत तीव्र काचबिंदू म्हणजे अटळ अंधत्व असे समजले जात असे. या शस्त्रक्रियेने असंख्य रुग्णांची दृष्टी वाचली. त्याच वर्षी त्यांची विद्यापीठात प्राध्यापकपदावर नियुक्ती झाली.

कवटीतील दाब आणि दृष्टिचेतेची सूज

मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांची दृष्टी जाते, ही गोष्ट वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. व्हिएन्नाचे लुडविग ट्युर्क यांनी १८५३ मध्ये मेंदूच्या गाठीबरोबर दृष्टिपटलावर रक्तस्राव झालेल्या रुग्णाचे वर्णन केले होते. परंतु जिवंत रुग्णाच्या डोळ्यात निश्चितपणे काय दिसते आणि त्याचा मेंदूतील आजाराशी कसा संबंध लावावा, हे स्पष्ट झाले नव्हते.

मेंदूच्या आजारांबरोबर दृष्टिचेतेचा दाह कसा आढळतो, या विषयावर ग्रेफे यांनी १८६० मध्ये आपल्या नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. रुग्ण हयात असताना नेत्रदर्शकातून दिसलेले चित्र आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात आढळलेला मेंदूतील दोष त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. गाठीमुळे कवटीत दाब वाढलेल्या रुग्णांच्या दोन्ही डोळ्यांत दृष्टिचेतेचे शीर्ष ठळकपणे पुढे आलेले होते. त्याच्या कडा पुसट झाल्या होत्या, शिरा फुगून नागमोडी झाल्या होत्या आणि आसपास रक्तस्रावाचे ठिपके दिसत होते. काचबिंदूतील खळग्याला पूर्वी फुगवटा समजण्याची चूक झालेली असल्यामुळे या खऱ्या फुगवट्याची नोंद त्यांनी किती काळजीपूर्वक केली असेल, याची कल्पना करता येते.

त्यांनी या आजाराचे दोन प्रकार केले. पहिल्या प्रकारात कवटीतील दाबामुळे शिरांतील रक्त तुंबून शीर्ष सुजते. दुसऱ्या प्रकारात मेंदूचा किंवा त्याच्या आवरणांचा दाह दृष्टिचेतेच्या वाटेने खाली डोळ्यापर्यंत उतरतो. त्यात सूज कमी असते, परंतु दृष्टिपटलाचा भोवतालचा भाग अधिक गढूळ होतो. पहिल्या प्रकाराला जर्मन भाषेत तुंबलेले शीर्ष या अर्थाचे नाव रूढ झाले. आज सर्वत्र वापरला जाणारा पॅपिलेडेमा हा शब्द इंग्रज नेत्रवैद्य हर्बर्ट पार्सन्स यांनी १९०८ मध्ये प्रचारात आणला.

या निरीक्षणाचे व्यावहारिक मोल मोठे होते. कवटी हाडाची व बंद असते. तिच्या आत काय चालले आहे हे पाहण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला आणि मेंदूचे सीटी स्कॅन १९७० च्या दशकात आले. ग्रेफे यांच्या लेखानंतरची कित्येक दशके नेत्रदर्शक हेच मेंदूतील दाबाची खूण प्रत्यक्ष दाखवणारे साधन राहिले. पॅरिसमध्ये युजेन बुशू, लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन आणि इंग्लंडमध्येच क्लिफर्ड ऑलबट यांनी मज्जासंस्थेच्या रुग्णांत नेत्रदर्शक नियमितपणे वापरण्याचा आग्रह धरला. ऑलबट यांचा या विषयावरील ग्रंथ १८७१ मध्ये, ग्रेफे यांच्या निधनानंतर एका वर्षात, प्रसिद्ध झाला.

स्पष्टीकरणाचा पुढील इतिहास

निरीक्षण अचूक असले, तरी ग्रेफे यांनी दिलेले कारण पूर्णपणे टिकले नाही. कवटीतील दाबामुळे डोळ्यामागील शिरांच्या पोकळीवर दडपण येते व डोळ्यातील रक्त परत फिरू शकत नाही, असे त्यांचे मत होते. डोळ्याकडील शिरा चेहऱ्यावरील शिरांशीही जोडलेल्या असतात व रक्ताला दुसरी वाट मिळते, हे १८६९ मध्ये सेझेमान यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी गुस्टाव्ह श्वाल्बे यांनी दृष्टिचेतेभोवतीच्या आवरणातील पोकळी ही मेंदूभोवतीच्या पोकळीशी सलग असल्याचे सिद्ध केले.

दृष्टिचेता ही वास्तविक मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. मेंदूची आवरणे तिच्याभोवतीही असतात आणि त्यांच्यामध्ये मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो. कवटीतील दाब वाढला की तो या द्रवातून डोळ्याच्या मागील बाजूपर्यंत पोहोचतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, भारतात शिक्षण घेतलेले नेत्रवैज्ञानिक सोहनसिंग हयरे यांच्या प्रयोगांनी या विषयात महत्त्वाची भर घातली. दाबामुळे चेतातंतूंच्या आत वाहणाऱ्या पदार्थांचा प्रवाह शीर्षापाशी अडतो, तंतू फुगतात आणि शिरांतील तुंबणे हा त्याचा पुढील परिणाम असतो, असे आता मानले जाते.

दाब केवळ गाठीनेच वाढतो असेही नाही. हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेतून सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली, त्यामुळे दाब मोजणे शक्य झाले. गाठ नसतानाही दाब वाढलेले रुग्ण असतात, हे त्यांनी नोंदवले. अमेरिकी मेंदूशल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये अशा रुग्णांची लक्षणे सुसूत्रपणे मांडली. हा आजार प्रामुख्याने तरुण व वजन वाढलेल्या स्त्रियांत आढळतो.

चित्रांपासून स्कॅनपर्यंत

नेत्रदर्शकातून दिसलेले दृश्य पाहणाऱ्यापुरतेच राहत असे. ते इतरांना दाखवण्यासाठी हाताने चित्र काढणे हा एकच मार्ग होता. ग्रेफे यांचे साहाय्यक लीब्राइख यांनी १८६३ मध्ये डोळ्याच्या तळाच्या रंगीत चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला, तर एडुआर्ड येगर यांचा प्रसिद्ध चित्रसंग्रह १८६९ मध्ये निघाला. जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र १८८० च्या दशकात घेता आले. १९२६ मध्ये झाइस कंपनीने स्वीडनच्या योहान नॉर्डेन्सन यांच्या रचनेवर आधारित कॅमेरा बाजारात आणल्यावर अशी छायाचित्रे नित्याची झाली. स्वीडनचेच लार्स फ्रिसेन यांनी १९८२ मध्ये सुजेच्या तीव्रतेच्या पायऱ्या ठरवून दिल्या.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओसीटी या तंत्राने प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचा आडवा छेद दिसू लागला आणि चेतातंतूंच्या थराची जाडी मायक्रोमीटरमध्ये मोजता येऊ लागली. सोनोग्राफीने डोळ्यामागे तीन मिलिमीटर अंतरावर दृष्टिचेतेच्या आवरणाची रुंदी मोजतात. ती सुमारे पाच मिलिमीटरच्या वर गेली, तर दाब वाढल्याची शंका घेतली जाते. एमआरआय तपासणीत आवरणात साठलेला द्रव, दृष्टिचेतेची वळणे आणि डोळ्याच्या मागील भिंतीचा सपाटपणा दिसतो. गढूळपणा, उंची व शिरांचे तुंबणे अशा शब्दांत ग्रेफे यांनी जे वर्णिले, त्याचीच ही मोजमापे होत. तथापि खरी सूज आणि जन्मजात फुगीर दिसणारे शीर्ष यांतील भेद ओळखण्यासाठी अनुभवी चिकित्सकाची नजर आजही आवश्यक असते.

इतर संशोधन

हृदयविकार असलेल्या एका रुग्णाची दृष्टी अचानक गेली असता, दृष्टिपटलाच्या मुख्य धमनीत रक्ताची गुठळी अडकल्याचे निदान ग्रेफे यांनी १८५९ मध्ये केले. गलग्रंथीच्या विशिष्ट आजारात खाली पाहताना वरची पापणी डोळ्याबरोबर खाली उतरत नाही, हे लक्षण त्यांनी १८६४ मध्ये वर्णिले. ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १८६६ मध्ये दृष्टिचेतेचा दाह आणि अकस्मात येणारे अंधत्व यांवर त्यांनी पुन्हा लिहिले. १८६८ मध्ये लेबर यांच्यासह त्यांनी डोळ्याच्या आतील रक्तवाहिन्यांच्या पटलावर दिसणाऱ्या क्षयाच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदय, गलग्रंथी, मेंदू व फुप्फुसे यांच्या आजारांच्या खुणा डोळ्यात उमटतात, हे या सर्व लेखनाचे समान सूत्र आहे.

मोतीबिंदू काढण्यासाठी त्या काळी डोळ्याच्या पारदर्शक पटलाच्या जवळजवळ अर्ध्या परिघावर मोठा छेद घेत असत. जखम चिघळून डोळा गमावण्याचे प्रसंग वारंवार येत. ग्रेफे यांनी १८६५ च्या सुमारास अरुंद पात्याच्या सुरीने सरळ रेषेतील लहान छेद घेण्याची पद्धत आणली. ती सुरी ग्रेफे यांची सुरी म्हणून दीर्घकाळ जगभर वापरात होती.

समकालीन महाराष्ट्र

ग्रेफे यांचे संशोधन चालू असताना मुंबई इलाख्यातही पाश्चात्त्य वैद्यकाचा पाया घातला जात होता. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले होते. ग्रेफे आपल्या नियतकालिकाची तयारी करीत असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईहून ठाण्यास पहिली रेल्वे धावली आणि पुढील वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली. मुंबईच्या रुग्णालयांचे अंतर या गावांसाठी दिवसांऐवजी तासांवर आले. १८६० च्या दशकात कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून मुंबईत नेत्ररुग्णालय उभे राहिले. गावोगावी मात्र सुईने मोतीबिंदू मागे ढकलणाऱ्या फिरत्या वैदूंवरच लोकांची भिस्त होती.

आज ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथे नेत्रचिकित्सक, एमआरआय केंद्रे व ओसीटी यंत्रे उपलब्ध आहेत. सतत डोके दुखणारा रुग्ण चष्म्याचा नंबर वाढला असावा, या समजुतीने बहुधा प्रथम नेत्रचिकित्सकाकडे जातो. चिकित्सक बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून डोळ्याचा तळ पाहतात, ते दृष्टिचेतेच्या शीर्षासाठीही असते. सुजेच्या आरंभी रुग्णाला अक्षरे स्पष्ट वाचता येतात, त्यामुळे केवळ चष्म्याची तपासणी पुरेशी ठरत नाही. सकाळी किंवा आडवे झाल्यावर वाढणारी डोकेदुखी, वाकल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढे येणारा अंधार, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज आणि एका वस्तूच्या दोन दिसणे ही या आजाराची प्रमुख लक्षणे आहेत. उपचाराला विलंब झाल्यास सुजलेले तंतू मरतात, शीर्ष पांढरे पडते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. सूज वेळीच ओळखली गेल्यास कारणानुसार औषधे, वजन घटवणे किंवा शस्त्रक्रिया यांनी दृष्टी आणि अनेकदा जीवही वाचवता येतो.

कौटुंबिक जीवन, आजार आणि निधन

१८६१ मध्ये ग्रेफे यांना फुप्फुसावरणाचा गंभीर दाह झाला. त्यातून ते बचावले, परंतु त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही. १८६२ मध्ये डेन्मार्कच्या उमराव घराण्यातील आना क्नूथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली. वडिलांचेच नाव धारण करणारा त्यांचा एक मुलगा पुढे जर्मनीच्या उजव्या राष्ट्रवादी राजकारणात शिरला. नामसाधर्म्यामुळे दोघांत गल्लत होऊ नये म्हणून ही नोंद आवश्यक आहे.

१८६६ मध्ये ग्रेफे पूर्ण दर्जाचे प्राध्यापक झाले. बर्लिनच्या शारिटे या सरकारी रुग्णालयातील नेत्रविभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली, ती १८६८ मध्ये. नेत्रवैद्यक हा शल्यचिकित्सेचा उपविभाग नसून स्वतंत्र विषय आहे, यासाठी त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले होते. मान्यता मिळाली, तोपर्यंत क्षयरोग बळावला होता. अशक्तपणातही ते शस्त्रक्रिया व अध्यापन करीत राहिले. २० जुलै १८७० रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले होते. आना यांचेही १८७२ मध्ये निधन झाले.

क्षयरोगावर त्या काळी इलाज नव्हता. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्येच १८८२ मध्ये शोधून काढला, परंतु त्यानंतरही प्रभावी औषधे येण्यास सहा दशके लागली. कल्याण येथे १८६५ मध्ये जन्मलेल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचाही १८८७ मध्ये पुणे येथे याच रोगाने अंत झाला.

वारसा

शारिटे रुग्णालयाजवळ ग्रेफे यांचे स्मारक १८८२ मध्ये उभारण्यात आले. हातात नेत्रदर्शक घेतलेला त्यांचा पुतळा रुडॉल्फ सीमरिंग यांनी घडवला. हायडेलबर्गच्या संघटनेने त्यांच्या नावाने पदक सुरू केले आणि ते १८८६ मध्ये सर्वप्रथम नेत्रदर्शकाचे जनक हेल्महोल्ट्झ यांना देण्यात आले. ग्रेफे यांचे शिष्य लुई द वेकर यांनी १८७२ मध्ये दृष्टिचेतेच्या आवरणाला छेद देऊन दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया प्रथम केली. सुधारित स्वरूपात ती दृष्टी वाचवण्यासाठी आजही केली जाते. डोळ्याच्या तळाच्या तपासणीला मज्जासंस्थेच्या नित्य परीक्षेत मिळालेले स्थान अद्याप कायम आहे आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना नेत्रदर्शक हाताळण्याचे शिक्षण दिले जाते.